मुदतीआधी जन्मलेल्या बाळांसाठी इतर कुटुंबं काय करू शकतात?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला मुदतपूर्व बाळ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात अशी १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. सर्वाधिक भारतात.

दूधदान
आई आजारी असेल किंवा दूध उशिरा आलं, तर दुसऱ्या आईचं दूध बाळाचा जीव वाचवू शकतं. १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली. दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी यांसाठी तपासणी होते. दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं तापवून गोठवलं जातं.

छातीची ऊब
कांगारू पद्धतीत बाळाला उघड्या छातीशी धरतात. आई थकली तर वडील, आजी, मावशीही हे करू शकतात.

पैशांची मदत
जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळावर मोफत उपचार होतात. पण जिंतूर, गंगाखेडहून परभणीला आलेल्या कुटुंबाची मजुरी बुडते, जेवणाचा खर्च वाढतो. डबा किंवा परतीचं भाडं दिलं तरी मोठा आधार होतो.

हे मात्र टाळा
पावडरच्या दुधाचे डबे आणि दुधाच्या बाटल्या वाटू नका. १९९२ च्या कायद्याने अनाथालयं वगळता त्या दान करायला मनाई आहे.

१७ नोव्हेंबरला जागतिक मुदतपूर्व जन्म दिन असतो. मदतीची गरज मात्र वर्षभर असते.