पडद्याची रुंदी आणि शोधाचा क्रम : संकेतस्थळे मोबाइलच्या मापाची कशी झाली? (थ्रेड)

१/ २१ एप्रिल २०१५. त्या दिवशी गूगलने मोबाइलवरून होणाऱ्या शोधांसाठी निकालांचा क्रम ठरवणारा एक निकष बदलला. मोबाइलवर सहज वाचता येणारी पाने वर जाणार होती, इतरांची पीछेहाट होणार होती. पूर्वसूचना दोन महिने आधी, २६ फेब्रुवारीलाच दिलेली होती. तरीही संकेतस्थळांच्या चालकांत अशी घबराट उडाली, की बायबलमधील अंतिम महायुद्धाच्या ‘आर्मागेडन’ या नावावरून या दिवसाला ‘मोबाइलगेडन’ म्हटले जाऊ लागले.

२/ एका कंपनीने आपल्या यादीचा क्रम बदलला, तर जगभरच्या संकेतस्थळांनी का धास्तावावे? आणि खिशातल्या यंत्रावर पान नीट दिसावे, ही साधी गोष्ट घडायला इतकी वर्षे का लागली? याचे उत्तर आंतरजालाच्या बालपणात सापडते.

३/ १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत आंतरजालाचा प्रस्ताव मांडला. १९९१ मध्ये तिथले पहिले संकेतस्थळ बाहेरच्या जगाला खुले झाले. त्यातील पानांना ठरावीक रुंदीच नव्हती. खिडकी रुंद केली की ओळी लांब होत, अरुंद केली की मजकूर खाली सरके. पाण्याने भांड्याचा आकार घ्यावा, तसे. लवचीकपणा हा जालाचा मूळ स्वभाव होता.

४/ हा स्वभाव लवकरच झाकला गेला. पुस्तके, नियतकालिके आणि जाहिराती यांची आखणी करणारे लोक जालावर आले आणि छापील पानाची शिस्त सोबत घेऊन आले. रकाने, चौकटी, पिक्सेलमध्ये मोजलेली रुंदी. ‘हे संकेतस्थळ ८०० x ६०० च्या पडद्यावर उत्तम दिसते’ अशा सूचना पानांच्या तळाशी झळकू लागल्या. सुंदर अक्षरांच्या हौसेपायी शीर्षकेच नव्हे, तर कधीकधी सगळा मजकूरच चित्र म्हणून चिकटवला जाई.

५/ माणसाच्या डोळ्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते. अडचण होती ती यंत्राची. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगलची स्थापना केली. एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांनी दुवे दिले आहेत, यावरून त्याचे महत्त्व जोखायचे, ही त्यांची युक्ती. पण हे यंत्र मजकूर वाचत असे. चित्रात कोंडलेली अक्षरे त्याला दिसत नसत. जे यंत्राला दिसले नाही, ते शोधणाऱ्यालाही सापडत नसे.

६/ यातून एक नवा व्यवसाय उभा राहिला : शोधयंत्राला पान कळावे म्हणून त्याची नीट मांडणी करणे, अर्थात एसईओ. स्पष्ट शीर्षक, योग्य उपशीर्षके, चित्रासोबत त्याचे वर्णन ही त्याची सरळ बाजू. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहिणे ही वाकडी बाजू. शोधयंत्र नियम बदलत राहिले, चलाख मंडळी पळवाटा काढत राहिली.

७/ मराठीला हा धडा फार लवकर आणि फार महागात मिळाला. सुरुवातीची अनेक मराठी संकेतस्थळे त्या त्या फाँटच्या खासगी संकेतात लिहिलेली होती. वाचकाने तो फाँट उतरवून घेतला की पडद्यावर सुरेख देवनागरी दिसे. यंत्राला मात्र तिथे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रास दिसे. देवनागरीत शब्द शोधला, तर तो त्या पानावर असूनही सापडत नसे.

८/ वास्तविक १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान होते. पण संगणकप्रणाली, कळफलक आणि सवयी यांना तिथवर पोहोचायला वेळ लागला. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. जो मजकूर युनिकोडमध्ये आला, तो शोधाच्या कक्षेत आला. जो मागे राहिला, तो प्रकाशित असूनही अज्ञातवासात गेला.

९/ याच काळात फोन जालाला जोडले जात होते. १९९८ मध्ये ‘वॅप’ ही पद्धत आली, १९९९ मध्ये जपानमध्ये ‘आय-मोड’ सुरू झाले. दोन्हींसाठी पाने वेगळी लिहावी लागत. लहान पडद्यासाठी एक निराळे, तुटपुंजे जाल उभारायचे, असा तो विचार होता.

१०/ जून २००७ मध्ये आयफोन बाजारात आला. संपूर्ण जाल हातात, हे त्याचे आश्वासन. पण त्याचा पडदा होता ३२० पिक्सेल रुंद आणि पाने होती त्याच्या तिप्पट. तेव्हा फोनने एक सोंग घेतले : आपला पडदा ९८० पिक्सेलचा आहे असे मानून तो पान मांडी आणि मग आक्रसून दाखवी. परिणामी अक्षरे मुंगीएवढी. दोन बोटांनी पान मोठे करायचे, डावी-उजवीकडे सरकवायचे आणि मग वाचायचे. सोंग नको असेल, तर पानाच्या संहितेत ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ लिहावी, अशी सोयही ॲपलनेच दिली.

११/ अनेक संस्थांनी दुसरा मार्ग धरला : मोबाइलसाठी ‘एम’ अक्षराने सुरू होणारे वेगळे संकेतस्थळ. म्हणजे काम दुप्पट. त्यात मजकूर छाटलेला. लेखाचा दुवा उघडावा, तर थेट मुखपृष्ठावर रवानगी. आणि एकाच लेखाचे दोन पत्ते झाल्यामुळे खरा पत्ता कोणता, हे शोधयंत्राला वेगळे सांगावे लागे.

१२/ कोंडी फोडणारा विचार २५ मे २०१० रोजी ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखक ईथन मार्कॉट, शीर्षक ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’. माणसांच्या वावरानुसार आपले रूप बदलणाऱ्या वास्तूंचा विचार तेव्हा वास्तुशास्त्रात चालू होता; मार्कॉट यांनी संकल्पना तिथून घेतली. घटक तीन : टक्केवारीत मोजलेले रकाने, जागेनुसार आकुंचन पावणारी चित्रे आणि पडद्याची रुंदी पाहून मांडणी बदलणारे नियम.

१३/ तिन्ही घटक आधीपासून होते. नवे होते ते त्यांचे एकत्र येणे आणि त्यामागची भूमिका : एकच पत्ता, एकच मजकूर, अनेक रूपे. सप्टेंबर २०११ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ने याच पद्धतीने आपले संकेतस्थळ उभारले आणि मोठ्या दैनिकालाही हे जमते, हे दाखवून दिले. त्याआधीच, २००९ मध्ये, ल्यूक रोब्लेव्स्की यांनी आराखड्याची सुरुवातच मोबाइलपासून करावी, असे सुचवले होते.

१४/ विचार पटला तरी बहुतेकांनी तो अमलात आणला नाही. नवी बांधणी खर्चाची होती. शिवाय संकेतस्थळ मंजूर करणारी माणसे ते कार्यालयातील मोठ्या पडद्यावर पाहत. वाचकाची अडचण त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसे.

१५/ नोव्हेंबर २०१४ मध्ये गूगलने मोबाइलवरील निकालांत अनुकूल पानांपुढे तशी खूण दाखवायला सुरुवात केली. त्यानंतर आले २१ एप्रिल. अपेक्षा साध्या होत्या : अक्षरे मोठी न करता वाचता यावीत, पान आडवे सरकवावे लागू नये, दुवे बोटाने नेमके दाबता यावेत इतके दूर असावेत, फोनवर न चालणारे ‘फ्लॅश’ टाळावे. मे महिन्यात गूगलनेच सांगितले, की अमेरिका आणि जपानसह दहा देशांत मोबाइलवरील शोध संगणकावरील शोधांहून अधिक झाले आहेत.

१६/ प्रलय मात्र झाला नाही. नियम फक्त मोबाइलवरील शोधांना आणि एकेका पानाला स्वतंत्रपणे लागू होता. उत्तम मजकुराचे वजन कायम होते. खरी उलथापालथ पुढे, फारसा गाजावाजा न होता झाली.

१७/ ४ नोव्हेंबर २०१६ रोजी गूगलने जाहीर केले, की यापुढे संकेतस्थळाचे मोबाइलवरील रूप हेच मूळ मानले जाईल. तोवर यंत्र संगणकावरचे रूप वाचून सूची करत असे. आता उलट. ज्यांनी मोबाइलसाठी मजकूर छाटला होता, त्यांचा तो भाग सूचीतूनच गळण्याची वेळ आली. मग शोधणारा मोठ्या पडद्यासमोर बसलेला का असेना. २०१८ मध्ये हे संक्रमण सुरू झाले, १ जुलै २०१९ पासून नव्या संकेतस्थळांना सरसकट लागू झाले. ठरवलेल्या मुदती दोनदा टळल्या आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ते पूर्ण झाल्याचे घोषित झाले. सात वर्षे!

१८/ २०१६ हे वर्ष भारतासाठीही महत्त्वाचे. ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि असंख्य लोकांची जालाशी पहिली भेट फोनवरच झाली. त्यांच्या लेखी मोबाइलवरचे पान ही ‘छोटी आवृत्ती’ नव्हती. तेच जाल होते. ऑक्टोबरमध्ये स्टॅटकाउंटरच्या मोजणीत मोबाइल आणि टॅब्लेट यांचा जगभरातील एकत्रित वापर ५१.३ टक्के झाला. संगणक प्रथमच मागे पडला.

१९/ या सत्तेची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. २०१५ मध्ये गूगलने वेगवान पानांसाठी ‘एएमपी’ ही पद्धत आणली. मोबाइलवरील ठळक बातम्यांच्या पट्टीत जागा हवी, तर ती पत्करावी लागे. वाचकाला पान गूगलच्याच साठ्यातून मिळे. वृत्तपत्रांनी कुरकुर केली, पण नकार थोड्यांनाच परवडला. २०२१ मध्ये ही अट उठली.

२०/ समित्यांची मानके आणि जाणकारांचे लेख यांना जे साधले नाही, ते एका कंपनीच्या क्रमवारीने करून दाखवले. वाचकांचे त्यात हित झाले, हे निर्विवाद. पण नियम करणारा, परीक्षक आणि जाहिराती विकणारा एकच होता, हेही तितकेच खरे.

२१/ सर्नने २०१३ मध्ये पहिले संकेतस्थळ मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले. त्याची पाने आजही लवचीक आहेत, कोणत्याही रुंदीत बसू शकतात. पण ‘व्ह्यूपोर्ट’ची ती ओळ त्यांच्यात नाही, ती लिहिली गेली तेव्हा असा फोनच नव्हता. त्यामुळे फोन त्यांनाही मोठ्या पडद्याची पाने समजतो.

२२/ इतिहासाची कागदपत्रे जालावर ठेवणाऱ्यांसाठी यात एक कामाची गोष्ट आहे. बखरीच्या पानाचे नुसते छायाचित्र टाकले, तर ते समोर आलेल्यालाच वाचता येईल. सोबत युनिकोडमध्ये लिप्यंतर, चित्राचे वर्णन आणि नेमके शीर्षक दिले, तर ज्याला त्या पानाची खबरच नाही, अशा अभ्यासकालाही ते त्याच्या फोनवर सापडेल.