निघण्यासाठी बसणं

जुन्या मराठीत मांडवी म्हणजे जकातीचं ठाणं. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर भेळ खाताना मला मात्र दुसराच शब्द आठवतो : प्रायोपवेशन. 'प्र' म्हणजे पुढे, 'इ' म्हणजे जाणे. त्यातून 'प्राय', म्हणजे निघून जाणं, मरण. उपवेशन म्हणजे बसणं. अन्न सोडून मरणाची वाट पाहायची, म्हणजे निघण्यासाठी बसायचं, असा हा अजब शब्द! 'मृतप्राय'मधला 'प्राय' त्याच कुळातला, फक्त 'जवळजवळ'पाशी थबकलेला.

या गावात 1924 ते 1937 स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी 1966 च्या फेब्रुवारीत मुंबईत अन्न-औषध सोडलं, म्हणजे प्रायोपवेशनच केलं. 26 तारखेला ते गेले. आत्महत्या वेगळी, आत्मार्पण वेगळं, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. न्यायालयांपुढचा पेच निराळा : मरणाऱ्याच्या शेजारी उभ्या डॉक्टरनं काय करावं? वर्षानुवर्षं अचेत पडून असलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 2011 साली, मग 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं उपचार थांबवायला वाट दिली. मरणाची सुई टोचायला नाही. बातम्यांत मात्र दोन्हींना सरसकट 'इच्छामरण'. तो भीष्माला मिळालेला वर. त्याला ना सही लागली, ना वैद्यकीय मंडळ. आणि अरुणाबाईंना तर इच्छा विचारताच येत नव्हती.