टायरगाडी (ऊसतोडीची)

टायरगाडी : रबरी टायरची, दोन चाकांची बैलगाडी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे हिच्यात बिऱ्हाड भरून साखर कारखान्याच्या वाटेला लागतात आणि तिथे पोचल्यावर हिच्यातूनच फडातला (उसाच्या शेतातला) ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर नेतात. बोलण्यात नुसते ‘टायर’ म्हटले तरी पुरते. यंदा टायर आहे, म्हणजे घरची किंवा उचलीतून (हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ रकमेतून) घेतलेली बैलजोडी आहे आणि कुटुंब ऊस तोडून स्वतःच वाहणार आहे. बैल नसलेले जोडपे ‘डोकी सेंटर’ला जाते, तिथे मोळ्या डोक्यावरून नेऊन ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवाव्या लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. कारखान्याच्या वहीत टायरगाडी हे वाहतुकीचे साधन आहे. या नोंदीत तिच्याकडे घर म्हणूनही पाहिले आहे, कारण वर्षातले पाच-सहा महिने या माणसांचा संसार तिच्यात, तिच्याखाली आणि तिच्या आडोशाला चालतो, आणि ती संसाराला लायक करण्याचे काम त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेले असते.

पार्श्वभूमी : बालाघाटच्या पठारावरचे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हे तालुके आणि धारूर, वडवणी, केज, परळीकडचा डोंगरपट्टा पर्जन्यछायेत येतो. खरिपाची बाजरी, कापूस, तूर निघाली की हलक्या, मुरमाड रानात पुढचे काम उरत नाही. याच जिल्ह्याच्या उत्तर अंगाला गोदावरी वाहते. तिच्या काठच्या गेवराई-माजलगावला कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, कारखानेही आहेत. डोंगरपट्ट्याला त्या पाण्याचा उपयोग नाही. लोणीचा प्रवरा सहकारी कारखाना १९५०-५१च्या हंगामात सुरू झाला. त्यानंतर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत कारखाने वाढत गेले तशी तोडणीला बाहेरची माणसे लागू लागली. १९७२च्या दुष्काळाने उरलेसुरले पायही उपटले. आज दर हंगामाला जिल्ह्यातून काही लाख माणसे जातात. वाट पश्चिम महाराष्ट्राची असते, तशी सीमेपलीकडच्या कर्नाटकाचीही. दसरा झाला की मजूर जमवणाऱ्या मुकादमांची लगबग सुरू होते आणि दिवाळीच्या मागेपुढे गावे रिकामी होतात.

चाक : जुनी बैलगाडी लाकडी चाकाची. तुंबा, आरे, पुट्ठे आणि वरून तापवून बसवलेली लोखंडी धाव. ती धाव अरुंद असल्याने मऊ जमिनीत रुतते आणि डांबरी रस्ता कापत जाते. मोटारीसारखे हवेचे टायर बैलगाडीला लावण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. त्या काळच्या एका टायर कंपनीच्या नावावरून अशा गाडीला बऱ्याच भागांत ‘डनलॉप गाडी’ म्हणतात. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी पुढे बैलगाडीच्या सुधारणेचा देशभर पाठपुरावा केला. बैलाच्या मानेवरचा जाच कमी व्हावा, हा त्यांच्या आग्रहाचा गाभा होता. आजही टायर कंपन्या जनावरांच्या गाड्यांसाठी वेगळे टायर काढतात, ८.००-१९ हे त्यांतले एक माप. १९ इंचांची रिंग आणि तिच्याभोवती ८ इंचांचा टायर, म्हणजे चाक साधारण ३५ इंच उंच आणि आख जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास वर. उसाच्या सऱ्या, पाटाचे काठ, फडाचा बांध ओलांडताना ही दीड फुटाची मोकळीक मोलाची ठरते.

ओढ : टायरगाडीचे सगळे शहाणपण बैलाच्या ताकदीत बसवलेले आहे. दोन बैलांचे वजन मिळून ९०० किलो धरले, तर दिवसभर सलग ओढताना ते आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे ९० किलोंचा जोर लावू शकतात. उसाने भरलेली गाडी सगळी मिळून ३ टनांची झाली, तर चांगल्या डांबरी रस्त्यावर हवेचे टायर लोटायला ६० ते ९० किलो ओढ लागते. तिथपर्यंत हिशेब जुळतो. पण मऊ रानात हीच ओढ ३०० किलोंपर्यंत जाते आणि वीस फुटांना एक फूट चढ असला तर चढाचेच दीडशे किलो वाढतात. बैल क्षणभर जास्तीचा जोर लावतात, मिनिटांमागून मिनिटे लावू शकत नाहीत. म्हणून फडाला वापसा नसेल तर गाडी आत घालत नाहीत, आणि घातलीच तर बाहेर काढायला दुसऱ्याची जोडी पुढे जुंपतात. त्या वेळी शिव्या, हाका आणि चाकाला लागलेले खांदे एकाच लयीत असतात. डांबरावर खूर झिजतात म्हणून हंगामाआधी बैलांना पत्र्या मारून घ्याव्या लागतात. टायरची हवा पाहणे जेवढे गरजेचे, तेवढेच हेही.

बांधणी : लाकडी गाडी सुतार-लोहाराच्या हातची असे. टायरगाडीचा सांगाडा आता लोखंडी अँगल आणि चॅनेल जोडून वेल्डिंगच्या दुकानात होतो. पुष्कळ कारखाने गाडी स्वतः देतात आणि तिचे भाडे मजुराच्या हिशेबातून कापतात. मग बैल मजुराचे आणि गाडी कारखान्याची, अशी जोड होते. आखाच्या दोन्ही टोकांना बेरिंगचे हब, त्यावर रिंग, आखाच्या वर साटा (ओझे ठेवायची चौकट) आणि साट्यातून पुढे निघालेली दांडी. दांडीच्या टोकाला जू बांधलेले असते. घट्ट बोल्ट लावून ते पक्के करीत नाहीत, साखळीने किंवा दोराने आवळतात. खडबडीत वाटेवर एक चाक खड्ड्यात गेले की साटा कलतो. जू जर पक्के जखडलेले असेल तर तो पीळ थेट बैलांच्या मानेवर येईल. बांधलेले जू तो पीळ मधल्या मध्ये गिळते. ऑस्ट्रेलियात आडवाटेच्या मुक्कामासाठी मोटारीमागे जोडायचे जे ट्रेलर लोक घरी बांधतात, त्यांतही बरेच डोके याच सांध्यावर खर्च होते : वरखाली, डावीकडे-उजवीकडे आणि पीळ, तिन्ही अंगांनी हलणारा सांधा. दोराने आवळलेल्या जुवात ती सोय कितीतरी आधीपासून आहे.

दुसरी गोष्ट तोलाची. दोन चाकांच्या गाडीत ओझे आखाच्या मागे जास्त गेले की गाडी उलाळते. दांडी वर उचलली जाते आणि जू बैलांच्या गळ्याकडे ओढले जाते. पुढे जास्त झाले तर सगळे वजन मानेवर बसते आणि खांदे सुजतात. गाडीवान दांडीचे टोक हाताने उचलून पाहतो. टोक हलकेसे जड लागले पाहिजे. तसे लागेपर्यंत मोळ्या पुढच्या मागे आणि मागच्या पुढे होतात. बिऱ्हाड भरतानाही कसोटी हीच.

बिऱ्हाड : निघायच्या सकाळी गाडी दारात उभी असते, दांडीखाली टेकू असतो. पहिल्यांदा जड सामान आखाच्या बरोबर वर ठेवतात. ज्वारी-बाजरीची पोती, पिठाचा डबा, आणि कपडे, कागद, दागिना असेल तर तो, असे सगळे पोटात घेणारी पत्र्याची पेटी. पोत्यांच्या बाजूने बैलांची पेंड. मग भांडी, हंडे, पाण्याचा बॅरल. कोपीचे (तळावरच्या झोपडीचे) बांबू लांबीने एका कडेला बांधतात, चटया गुंडाळून त्यांवर. कोयते मात्र वेगळे, फडक्यात गुंडाळून, पोरांच्या हाताला न लागतील असे. त्यांना धार लावायची कानस त्याच फडक्यात. सगळ्यात वर वाकळा अंथरतात आणि त्यांच्यावर म्हातारी माणसे, पोरे, एखादी करडू काखेत घेतलेली मुलगी. कोंबड्यांची पाटी मागच्या बाजूला. ताडपत्री शेवटी येते, आणि ती अशी बांधतात की एक कड सोडली की रात्री तिचा उतरता आडोसा व्हावा. ही गाठ मारायला पोरे बापाकडून शिकतात. तान्हे मूल असले तर लुगड्याची झोळी साट्याच्या आडव्या दांड्याला बांधली जाते आणि गाडी चालली की झोळी आपोआप हलते.

या सगळ्याचे वजन उसाच्या एका खेपेच्या मानाने फार नसते. पाच-सहा क्विंटलांत घर बसते. अडचण वजनाची कमी आणि वाटेची अधिक. मांजरसुंब्याचा घाट किंवा धारूरचा घाट उतरताना भरल्या गाडीचा रेटा बैलांवर येतो. ब्रेक नसलेल्या गाडीत हा रेटा बैल मान मागे घेऊन अडवतात आणि माणसे मागून दोर धरून आवरतात. पूर्वी असे ताफे दिवसचे दिवस रस्त्याने चालत. आता लांबच्या कारखान्याला जायचे तर बैल, गाडी आणि माणसे एकत्र ट्रकमध्ये घालतात आणि कारखान्याच्या गावी गाडी पुन्हा जमिनीवर उतरते.

तळ : पोचल्यावर पहिले काम कोप उभी करण्याचे. बांबूच्या कामट्या वाकवून किंवा उलट्या व्ही आकारात रोवून त्यांवर चटया टाकतात, वरून पाचट, आणि आता बहुधा प्लास्टिक. मधोमध माणूस उभा राहू शकेल एवढी उंची, आत पेटी आणि अंथरूण, दाराशी तीन दगडांची चूल. कोपींची रांग आणि तिच्यापुढे बैलांची दावण, असा तळ पडतो. टायरगाड्यांचा तळ सहसा कारखान्याच्या जवळ असतो, कारण बैलांना लांबची खेप झेपत नाही. डोकी सेंटरच्या टोळ्या मात्र फडामागे गावोगाव हलतात.

तळावर गाडी रिकामी क्वचितच उभी दिसते. पहाटे दोन-तीनला उठून फडात जायचे, दिवस उजाडेपर्यंत तोडणी अंगात यायची, दुपारपर्यंत मोळ्या बांधून गाडी भरायची आणि मग काट्याच्या रांगेत लागायचे. गव्हाणीवर (कारखान्यात ऊस टाकायच्या जागी) नंबर लागेपर्यंत रात्र होते. गाडीवान बैल सोडून त्यांच्यापुढे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) टाकतो आणि स्वतः गाडीखाली अंग टाकतो. थंडीच्या दिवसांत भरल्या उसाखालची ती जागा वाऱ्यापासून वाचलेली असते. बाई तोवर कोपीकडे परतून स्वयंपाकाला लागलेली असते. उरलेले वाढे विकून रोजच्या मिठामिरचीचे पैसे येतात. पाणी दुरून आणावे लागते आणि अंघोळीला किंवा शौचाला आडोसा असा नसतोच. या तळांवर बायकांचे जे हाल होतात त्यांची मुळे इथे आहेत, आणि गाडी कितीही चांगली बांधली तरी ती उणीव तिच्याने भरून येत नाही.

ट्रॉली आणि जुगाड : बैलजोडी सांभाळणे महाग झाले तसा लहान ट्रॅक्टर आला. बैलगाडीसारख्याच गाड्या ट्रॅक्टरमागे जोडतात, त्या जुळणीला कुठे ‘जुगाड’ म्हणतात, कुठे ‘अंगद’. मोठ्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. टोळी जेव्हा ट्रॉलीतून निघते तेव्हा बिऱ्हाडाची मांडणी बदलते : तळाशी सगळ्यांची धान्याची पोती, मध्ये पेट्या, कडेने कोपीचे बांबू उभे करून त्यांवर ताडपत्री, आणि आत आठ-दहा कुटुंबे. हूक, पिन आणि पाटे तपासल्याशिवाय निघणे जिवाशी खेळ आहे. पिन निसटली तर ट्रॉली मोकळी होते, म्हणून जोडीला साखळी लावावी. ती लावलेली फार थोड्या ठिकाणी दिसते, हे खेदाने नोंदवावे लागते.

कायदा : मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मोटार वाहनामागे ओढला जाणारा ट्रेलर हे नोंदणी लागणारे वाहन आहे, घरी बांधलेली ट्रॉली त्यातून सुटत नाही. मालाच्या ट्रॉलीतून माणसे नेण्यास मनाई आहे. बैलगाडीला ही नोंदणी नाही, आणि तिला बहुधा दिवाही नसतो. हंगामात परिवहन खाते आणि कारखाने ट्रॉल्यांना व गाड्यांना रेडियमच्या पट्ट्या लावण्याची मोहीम काढतात. पाचटाने झाकली गेलेली पट्टी मात्र मागून येणाऱ्याला दिसत नाही; ती साट्याच्या खाली, आखाच्या उंचीला लावली तर दिसते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरच्या घराला गाडीतळ, पाणी, वीज आणि स्वच्छतागृह लागते, हे त्यात मान्य झाले आहे. त्या गरजा ऊसतोडीच्या तळालाही तशाच्या तशा लागू पडतात.

परतणे : मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. कोपी उकलतात, बांबू मोजून पुन्हा बांधतात, फाटक्या चटया तिथेच सोडतात. भाड्याची गाडी कारखान्याच्या आवारात जमा होते आणि मुकादमाशी उचलीचा हिशेब बसतो. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. ज्यांची गाडी स्वतःची, ते ती घराशेजारी लिंबाखाली लावतात. टायरवर उभ्याने भार राहू नये म्हणून आखाखाली दगड लावून चाके अधांतरी ठेवतात, दांडी भिंतीला टेकवतात आणि जू सोडून आढ्याला टांगतात.