कोपरा फाटलेले कार्ड

माणसाला एखादा तरी नाद असावा, आणि तो घरातल्या मंडळींना परवडणारा असावा. माझा नाद तसा स्वस्तातला आहे. देशोदेशींच्या जुन्या इमारती, पूल, मंदिरे, मनोरे आणि पुतळे यांची चित्रकार्डे मी जमवितो. परदेशी मी कधी गेलो नाही. मास्तरकीच्या पगारात ते जमण्यासारखे नव्हते, आणि कादंबऱ्या लिहून कुणी बोटीचे तिकीट काढल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. पण चोरबाजारातल्या ढिगांतून, रद्दीवाल्यांच्या गठ्ठ्यांतून आणि ओळखीच्या लोकांच्या माळ्यांवरून माझ्या घरी अर्धे जग येऊन पोचले आहे. बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत ते मावते.

पोस्टकार्ड ही वस्तू आपल्याला इतकी सवयीची झाली होती, की तिलाही जन्मतारीख असेल असे कुणाच्या मनात येत नसे. ते पहिल्याने निघाले १ ऑक्टोबर १८६९ रोजी, ऑस्ट्रिया-हंगेरीत. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी आले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. तेव्हा त्यावर चित्र नव्हते. चित्रकार्डांची लाट आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. सुरुवातीला कार्डाची एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखून ठेवलेली असे. खुशालीचा मजकूर चित्राच्या बाजूलाच लिहावा लागे. त्यामुळे त्या काळच्या कार्डांवर रोमच्या कलोसियमवरचे आकाश कुणाच्या तरी सर्दी-पडशाच्या हकिगतीने भरून गेलेले दिसते. १९०२ मध्ये इंग्लंडच्या टपालखात्याने मागच्या बाजूच्या मधोमध रेघ मारू दिली : उजवीकडे पत्ता, डावीकडे मजकूर. पुढील काही वर्षांत इतर देशांनीही तेच केले. ही रेघ आहे की नाही, एवढ्यावरून जाणता माणूस कार्डाचे वय अदमासाने सांगू शकतो.

कधीकधी चित्रच वय सांगते. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातला उंच घंटाघराचा मनोरा १४ जुलै १९०२ च्या सकाळी कोसळला. होता तसाच, होता तिथेच तो पुन्हा बांधला, आणि २५ एप्रिल १९१२ रोजी तो खुला झाला. माझ्याकडे त्या चौकाचे एक कार्ड आहे, त्यात मनोरा नाही. ते चित्र त्या दहा वर्षांतलेच, हे सांगायला पंडित लागत नाही.

हे सारे मी शहाण्यासारखे सांगतो आहे खरा. पण ही विद्या मी एका मोठ्या चुकीतून शिकलो. तीच आज सांगायची आहे.

माझ्या आजीचा एक धाकटा भाऊ होता. रत्नागिरीकडच्या शेकडो तरुणांसारखा तोही मुंबईला जाऊन खलाशी झाला. माझे वडील त्याला तात्यामामा म्हणत. तो बोटीवर लागला स्वातंत्र्यानंतर. मुंबईहून एडन, सुएझ, पोर्ट सैद आणि पुढे युरोप अशी त्याची वाट असे. बंदरातून तो बहिणीला चित्रकार्डे पाठवी. एकूण पाचच आली. आजीने ती देवघराच्या फळीवर पोथीखाली जपून ठेवली होती.

मी दहा वर्षांचा असताना मला पोस्टाची तिकिटे जमविण्याचे वेड लागले. एके दुपारी आजी झोपलेली पाहून मी ती कार्डे काढली आणि तिकिटांसकट कोपरे फाडून घेतले. आजीने संध्याकाळी पाहिले. ती रागावली नाही. फाटलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवीत एवढेच म्हणाली, "तिकीट घेतलंस, पण तारीख नेलीस रे."

त्या बोलण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. शेवटचे कार्ड पोर्ट सैदचे होते. मागे पेन्सिलीने एकच ओळ होती : 'बयेला सांग, दिवाळीला घरी येतो.' बय म्हणजे त्यांची आई, माझी पणजी. तात्यामामा आला नाही. त्या दिवाळीला नाही, आणि कधीच नाही. १९५६ नंतर त्याची मनीऑर्डरही बंद झाली. आणि बय गेली १९५५ च्या आषाढात. आजीला आयुष्यभर एकच गोष्ट हवी होती. कार्ड बय असताना आले असेल, तर भावाने वचन देऊन म्हातारीला वाट पाहायला लावली. नंतरचे असेल, तर आई गेल्याची बातमीच त्या बिचाऱ्याला पोचली नव्हती. भावावर रागवावे की त्याच्यासाठी हळहळावे, हे त्या शिक्क्यावर लिहिलेले होते. कार्ड आले तेव्हाचे साल आजीच्या ध्यानात राहिले नव्हते. साल शिक्क्यावर आहे, या भरवशावर ती होती. तिला अक्षरओळख नव्हती. कधीतरी कुणा जाणत्याकडून वाचून घेऊ म्हणून ठेवले, आणि मध्ये मी उपटलो.

पुढे मास्तर झालो, इतिहास शिकवू लागलो, आणि हे कार्ड घेऊन बसलो. चित्रात कालव्याच्या तोंडाशी फर्दिनांद द लेसेप्सचा पुतळा आहे. सुएझचा कालवा खुला झाला १७ नोव्हेंबर १८६९ रोजी, म्हणजे पोस्टकार्डाच्या जन्मानंतर सात आठवड्यांनी. त्याला तीस वर्षे झाली त्याच दिवशी हा पुतळा उभारला. हात पुढे करून तो जणू बोटींना आत बोलावी. मुंबईहून विलायतेस गेलेल्या कितीतरी लोकांनी तो पाहिला असेल. १९५६ च्या जुलैत नासरने कालव्याच्या कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. शरदात इंग्रज, फ्रेंच आणि इस्रायल चालून गेले. आणि २४ डिसेंबर १९५६ रोजी इजिप्तच्या लोकांनी तो पुतळा सुरुंगाने उडवून दिला. चौथरा तेवढा राहिला.

म्हणजे कार्ड त्याआधीचे, असे म्हणून मी खूश झालो. पण तात्यामामाच्याच दुसऱ्या एका कार्डाने मला गप्प केले. ते मार्सेय बंदराचे, तिथल्या प्रचंड लोखंडी वाहक-पुलाचे. तो पूल १९०५ मध्ये बांधला आणि १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी उडविला. तात्यामामा तिथे पोचला तेव्हा पूल नव्हताच. दुकानदाराने जुना माल त्याच्या गळ्यात मारला होता! चित्राचे साल आणि पत्राचे साल एक असतेच असे नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाटीवर लिहून ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

मग राहिले काय? माझी आठवण. पोर्ट सैदच्या तिकिटावर एका राजाचे चित्र होते आणि त्याच्या चेहऱ्यावर तीन काळ्या आडव्या रेघा होत्या. कुणीतरी तिकीट खराब केले आहे असे समजून मी ते शाळेत दोन गोट्यांना देऊन टाकले होते. पुष्कळ वर्षांनी तिकिटांच्या एका यादीत मला त्या रेघा भेटल्या. १९५२ मध्ये फारूक राजा पदच्युत झाला, आणि १९५३ मध्ये शिल्लक तिकिटांवर नव्या सरकारने त्याच्या मुखावर त्या तीन रेघा छापल्या. म्हणजे कार्ड १९५३ च्या आधीचे नव्हे.

तसाच आजीकडे धावलो. ती भाजी चिरीत होती. सगळे ऐकून घेतल्यावर तिने बोटे मोजली. "त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न. म्हणजे चारांतली कुठली तरी एक दिवाळी." पंचावन्नशी ती क्षणभर थांबली होती. पुन्हा विळी ओढून घेतली. याहून पुढे मला काही सांगता आले नाही, आणि आता आजीही नाही.

त्यानंतर मी कार्डे जमवू लागलो. माझ्या दोन डब्यांपैकी एकात उभ्या असलेल्या वास्तू आहेत, दुसऱ्यात पडलेल्या. मोस्तारचा १५६६ चा दगडी पूल १९९३ मध्ये तोफांनी पाडला तेव्हा त्याचे कार्ड मी दुसऱ्या डब्यात घातले असते. तो २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला, म्हणून ते पहिल्यात आहे. बामियानचे दोन बुद्ध मार्च २००१ मध्ये सुरुंगांनी उडविले. ते दुसऱ्या डब्यातून परत येण्याची चिन्हे नाहीत.

दिवाळीच्या सुटीआधी मी दोन्ही डबे वर्गात नेतो. मुले चित्रे पाहून ओरडतात, भांडतात, आणि ते योग्यच आहे. मग मी म्हणतो, आता उलटा. चित्र हजारोंच्या घरात छापलेले असते. ते कुठे ना कुठे सापडेल. मागच्या चार ओळी एकदाच लिहिलेल्या असतात.

तुमच्याही माळ्यावर, पोथीखाली, लग्नाच्या जुन्या पेटीत अशी कार्डे असतील. या दिवाळीच्या साफसफाईत ती हाती लागली, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून ती वाचून दाखवा. आणि पोरांना तिकिटे हवी असतील, तर बाजारात नवी पुष्कळ मिळतात.