सहा तासांची पाळी

ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या एखाद्या ऑफिसला मेल पाठवून बघा. "मी महिनाअखेरपर्यंत रजेवर आहे" असं आपोआप आलेलं उत्तर मिळतं, आणि तिथे कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. अमेरिकेतला माणूस मात्र समुद्रकिनाऱ्यावरूनही उत्तर देतो, वर उशीर झाल्याबद्दल माफी मागतो. आमच्या नातेवाइकांत दोन्हीकडची मंडळी असल्यामुळे हा वाद दर दिवाळीला रंगतो. न्यू जर्सीवाले म्हणतात, युरोपियन माणूस मुळातच आरामप्रिय. स्टुटगार्टवाले म्हणतात, अमेरिकन माणसाला जगायचं कसं ते मुळातच कळत नाही. माझं भांडण त्या 'मुळातच' या शब्दाशी आहे.

कारण मुळात तसं काही नव्हतंच. १९७०च्या आसपास फ्रान्स-जर्मनीतला नोकरदार माणूस वर्षाला अमेरिकन माणसाइतकेच, किंबहुना थोडे जास्तच तास काम करत होता. आज अमेरिकेत सरासरी वर्षाला सुमारे १८०० तास, फ्रान्समध्ये १५००, तर जर्मनीत १३५०च्या आतबाहेर. पन्नास-पंचावन्न वर्षांत माणसाचं रक्त बदलत नाही. मग काय बदललं?

त्याहून मागे गेलं तर गंमत अशी, की कमी तासांच्या लढ्यात पुढे होती ती अमेरिकाच. जगभर पाळला जाणारा १ मे हा कामगार दिन शिकागोचा. आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ साली तिथे संप झाला, ४ मे रोजी हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला आणि पुढच्या वर्षी चौघांना फाशी झाली. (खुद्द अमेरिकेने मात्र १८९४ साली आपला कामगार दिन सप्टेंबरात नेऊन ठेवला. मे महिना बहुधा जरा जास्तच लाल वाटला असावा.) १९२६ साली हेन्री फोर्डने आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा, चाळीस तासांचा आठवडा आणला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद १९१९ साली भरली तीही वॉशिंग्टनमध्ये. भारतातल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे आपले ना. म. जोशी गेले होते. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास असा ठराव तिथे झाला. भारताला ६० तासांची सवलत मिळाली आणि मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा बारा-बारा तास चालत हे पाहता तीही थोडी नव्हती. भारताने १९२१ साली त्या करारावर शिक्कामोर्तब केलं. यजमान अमेरिकेने आजतागायत केलेलं नाही.

पण मला खरी सांगायची आहे ती कॉर्नफ्लेक्सच्या कारखान्याची गोष्ट.

मिशिगन राज्यातलं बॅटल क्रीक हे केलॉग कंपनीचं गाव. महामंदीच्या तोंडावर, १ डिसेंबर १९३० रोजी, डब्ल्यू. के. केलॉगने आठ तासांच्या तीन पाळ्या मोडून सहा तासांच्या चार पाळ्या केल्या. हिशोब सरळ होता. चौथी पाळी आली की गावातल्या आणखी ३०० कुटुंबांच्या कर्त्या माणसांना काम मिळेल. तासाचा दर वाढवला, तरी सुरुवातीला दिवसाची मजुरी थोडी कमीच पडत होती. पण ताजीतवानी माणसं जास्त माल काढतात हे लवकरच दिसलं. पूर्वी आठ तासांना देत होतो तेवढे पैसे आता सहा तासांना देणं परवडतं, असं १९३५ साली केलॉग स्वतः सांगत होता.

आणि त्या दोन तासांचं लोकांनी केलं काय? १९३२ साली सरकारच्या महिला विभागाने तिथल्या कामकरी बायकांच्या मुलाखती घेतल्या. बहुतेकींना सहा तासच हवे होते. बागेत काम करायचं, हिवाळ्यासाठी फळं-भाज्या बरण्यांत भरून ठेवायच्या, पोरांकडे बघायचं, शेजारीपाजारी जाऊन बसायचं. काही भव्यदिव्य नाही. आपल्याकडच्या आज्या-मावश्यांना विचारलं असतं तर त्यांनी हीच यादी सांगितली असती.

हे एका कारखान्यापुरतं राहणार नाही अशीही चिन्हं होती. अलाबामाचे सिनेटर ह्यूगो ब्लॅक यांनी तीस तासांच्या आठवड्याचं विधेयक आणलं आणि ६ एप्रिल १९३३ रोजी सिनेटने ते ५३ विरुद्ध ३० मतांनी मंजूरही केलं! कारखानदार खवळले, रूझवेल्ट सरकारने हात आखडता घेतला आणि विधेयक तिथेच विरलं. पुढे १९३८ साली कायदा आला तो चाळीस तासांच्या दिशेने जाणारा. त्यापलीकडे दीडपट ओव्हरटाइम, आणि भरपगारी रजेबद्दल एक अक्षर नाही. ते अक्षर देशपातळीवर अजूनही आलेलं नाही.

फ्रान्स त्याच सुमाराला दुसऱ्या रस्त्याला लागला. मे-जून १९३६मध्ये सुमारे वीस लाख कामगार संपावर होते. ते कारखान्यांतच ठाण मांडून बसले आणि यंत्रांच्या मधल्या जागेत अकॉर्डियनवर नाचले. लेऑं ब्लुम नुकतेच पंतप्रधान झाले होते. काही दिवसांत पगारवाढ मिळाली, चाळीस तासांचा आठवडा आला आणि प्रत्येकाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा. लेओ लाग्रांज नावाच्या तरुण उपमंत्र्याने रेल्वे तिकिटात ४० टक्के सवलत मिळवली. त्या पहिल्याच उन्हाळ्यात सहा लाखांच्या आसपास लोक ती तिकिटं घेऊन निघाले. कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. विरोधकांनी लाग्रांजला 'आळसाचा मंत्री' म्हटलं. १९४०च्या पराभवानंतर तर पेतॅंच्या राजवटीने ब्लुमवर खटलाच भरला. चाळीस तासांमुळे देश लढाई हरला, हा त्यातला एक आरोप! १९४२ साली रियोमच्या कोर्टात ब्लुमनी स्वतःची बाजू अशी काही मांडली, की खटला अर्ध्यावर गुंडाळावा लागला. दोन आठवड्यांची रजा मात्र टिकली. १९५६ साली ती तीन आठवडे झाली, १९६९ साली चार, १९८२ साली पाच.

तिकडे बॅटल क्रीकमध्ये उलटं घडत होतं. महायुद्धासाठी म्हणून आठ तास परत आले. युद्ध संपल्यावर लोकांनी मोठ्या बहुमताने सहा तास मागून घेतले, पण मग एकेका खात्यात मतदान होऊन ते सुटत गेले. आधी पुरुष गेले. शेजारचा आठ तास करून नवी गाडी घेतो आणि आपण सहा तास करून भोपळे लावतो, हे फार काळ सोसत नाही. त्यात आजारपणाचा विमा. युद्धकाळात पगारवाढीवर बंधन असल्यामुळे अमेरिकन कंपन्या कामगारांना विमा देऊ लागल्या आणि तो कायमचा नोकरीला चिकटला. विम्याचा खर्च तासांवर नाही, माथ्यावर मोजतात. मग चौघांकडून सहा-सहा तास करून घेण्यापेक्षा तिघांकडून आठ-आठ तास घेणं कंपनीला स्वस्त. फ्रान्समध्ये १९४५पासून ही जबाबदारी सामाजिक सुरक्षेने उचलली होती.

माझं मत विचाराल तर फरक इथे पडला. मोकळा वेळ एकट्याने टिकवता येत नाही. सगळ्यांना एकदम मिळाला तरच तो खातापिता राहतो, नाहीतर तो 'कमाईत कमी पडणं' ठरतो. जर्मन युनियननी १९५६ साली पोस्टरवर एक पोरगं छापलं होतं. शनिवारी बाबा माझे, असं सांगणारं. त्यात सगळ्यांचेच बाबा आले.

आता सुखाचं काय? इथे मात्र आमचे स्टुटगार्टवाले जरा लवकर टाळ्या वाजवतात. दरडोई उत्पन्नात अमेरिका बरीच पुढे आहे हे खरंच. तासाच्या हिशोबाने मोजलं तर दरी पुष्कळ अरुंद होते, हेही खरं. रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ साली दाखवलं, की १९४६ ते १९७० या काळात अमेरिकनांचं उत्पन्न भरपूर वाढूनही त्यांनी सांगितलेलं समाधान वाढलं नाही. पण २०२५च्या जागतिक आनंद अहवालात जर्मनी २२वी, अमेरिका २४वी आणि पाच आठवडे रजेचा फ्रान्स ३३वा! तक्रार करणं हा फ्रेंचांचा राष्ट्रीय छंद आहे असं म्हणून मी ते सोडून देऊ शकतो, पण तो पळपुटेपणा होईल. रजा वाढली म्हणून माणूस स्वतःला दहापैकी जास्त गुण देत नाही, असं दिसतं. फक्त त्याला ती सोडायला सांगून बघा. पॅरिसचे रस्ते लगेच भरतात.

बॅटल क्रीकमध्ये शेवटपर्यंत सहा तासांना चिकटून राहिल्या त्या बहुतेक बायकाच. पुरुष त्यांच्या पाळीला 'बायकी' म्हणायचे. १९८५च्या सुरुवातीला कंपनीने तीही पाळी बंद केली, तेव्हा त्या गावातल्या एका बारमध्ये जमल्या आणि सहा तासांच्या दिवसाचा लटका अंत्यविधी केला.