बंदुकीवरची नक्षी
१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हा दख्खनेत तोड्याची बंदूक चांगलीच रुळली होती. तिची नळी घडीव लोखंडाची, मऊ, म्हणून नक्षीला सोयीची. कडक पाणी दिलेल्या पोलादावर छिन्नी घसरते. कोफ्तगारीत कारागीर आधी आडव्याउभ्या बारीक रेघा मारून लोखंड खरखरीत करी, त्यावर सोन्याची वा चांदीची तार हातोडीने ठोकून बसवी आणि शेवटी घोटून चकाकी आणी. काळसर लोखंडावर सोने सर्वांत उठून दिसते. पिळदार नळीचा जौहर, म्हणजे धातूतलाच लहरदार नमुना, मात्र नक्षीखाली झाकणे चूकच. तिथे काम तोंडाशी नि बुडाशीच शोभते. युरोपात बंदुकीचे भाग आधी कोरत, मग वरचा थर कडक करत. जुनी शस्त्रे आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहता येतात.