न्यू जर्सीची मावशी आणि उशिरा आलेला ईस्टर

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलताना घेतलेले आढेवेढे काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट सुरू होते मुलुंडमधल्या आमच्या स्वयंपाकघरात. ताई न्यू जर्सीला असते. तिच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा आईचा व्हिसा वेळेत आला नाही. डिंकाचे लाडू डब्यात भरून तयार होते, ते शेवटी आम्हीच खाल्ले. ताईचं बाळंतपण निभावलं ते शेजारच्या एका निवृत्त नर्सबाईंनी. आईनं त्यांचे फोनवर आभार मानले, पण मनातून तिला ते लागलं होतं. ‘माझ्या लेकीचं बाळंतपण परक्या बाईनं केलं’ हे वाक्य मी त्यानंतर बरीच वर्षं ऐकलं.

शेवटी व्हिसा मिळाला आणि मी आईला घेऊन गेलो, ते नेमकं ईस्टरच्या आठवड्यात. भाचीला शाळेची सुट्टी होती. आम्ही वसंत ऋतूच्या हिशोबानं कपडे नेले होते आणि गुड फ्रायडेच्या सकाळी खिडकीबाहेर सगळं पांढरं! आईनं आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला आणि म्हणाली, “हे काय, आपल्याकडे आता कैऱ्या आल्या असतील.”

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते हे तुम्हाला ठाऊक असेलच. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा साधारण नियम. म्हणजे तिथीसारखाच प्रकार. बऱ्याच वर्षी ईस्टर आपल्या हनुमान जयंतीच्या आसपास येतो तो यामुळेच. लवकरात लवकर २२ मार्च, उशिरात उशिरा २५ एप्रिल. मी पडलो इंजिनिअर. बाहेर बर्फ, जायचं कुठे? लॅपटॉप उघडला आणि मागच्या वर्षांचे ईस्टर काढत बसलो. त्यात एक वर्ष सापडलं, १८८६. त्या वर्षी ईस्टर अगदी शेवटच्या तारखेला होता, २५ एप्रिल. त्यानंतर तसा योग आला १९४३ मध्ये, आणि पुढचा आहे २०३८ मध्ये.

१८८६ हा आकडा बघून मी थांबलो, कारण ११ मार्च १८८६ ही तारीख मला पाठ होती. त्या दिवशी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. ईस्टरपासून ४६ दिवस मागे मोजले की १० मार्च येतो, म्हणजे ॲश वेन्सडे, उपवासकाळाचा पहिला दिवस. आनंदीबाईंचा पदवीदान समारंभ त्याच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी झाला.

आनंदीबाई मूळच्या आपल्या लाइनवरच्या! जन्म ३१ मार्च १८६५, कल्याण. मुलुंडहून स्लो पकडली तरी तासाच्या आत पोचाल. तिथपर्यंत रेल्वे आली १८५४ मध्ये, त्यांच्या जन्माच्या ११ वर्षं आधी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते मूल दहा दिवसांत गेलं. शाळेच्या पुस्तकातून एवढं आपल्याला माहीत असतं. पण अमेरिकेत त्या उतरल्या कोणाकडे, हे फारसं सांगितलं जात नाही.

गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला. कोल्हापुरात असताना पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांचं म्हणणं पडलं की ख्रिस्ती झालात तर मदत करता येईल. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हतं. वाइल्डरनी ती पत्रं आपल्या मासिकात छापली. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे त्यांच्या हाती तो अंक आला. त्यांनी पत्र लिहिलं, आनंदीबाईंनी उत्तर दिलं. प्रत्यक्ष भेट होण्याआधीच कार्पेंटरबाई ‘मावशी’ झाल्या होत्या.

१८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, नवऱ्याशिवाय. वय १८. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत जाहीर सांगितलं होतं. जूनमध्ये न्यू यॉर्कला पोचल्या, मावशी न्यायला हजर. कॉलेज सुरू होईपर्यंत त्या रोझेलच्या घरातच राहिल्या. पुढे फिलाडेल्फियातली थंडी आणि खाण्याचे हाल त्यांना सोसले नाहीत. तब्येत खालावत गेली, तरी अभ्यास पुरा केला.

त्या ११ मार्चच्या समारंभाला घरचं माणूसही आलं होतं. गोपाळराव होतेच, शिवाय इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या. आनंदीबाई त्यांच्या नात्यातल्या. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी बोलावणं धाडलं होतं. रमाबाई भर थंडीत, पाच वर्षांच्या आतल्या मनोरमेला घेऊन अटलांटिक ओलांडून आल्या. १८८३ मध्येच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणजे बघा, एक बहीण ख्रिस्ती झालेली, दुसरी धर्म सोडणार नाही म्हणून ठाम, आणि उपवासकाळाच्या दुसऱ्या दिवशी दोघी एका सभागृहात. महाराष्ट्रात तेव्हा रमाबाईंच्या धर्मांतरावरून किती गदारोळ उठला होता ते आठवा, म्हणजे या भेटीचं मोल कळेल.

रमाबाई आल्या होत्या समारंभाला, पण राहिल्या १८८८ अखेरपर्यंत. बालवाड्या पाहिल्या, व्याख्यानं दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. त्या प्रवासावर ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक १८८९ मध्ये आलं. आनंदीबाई मात्र १८८६ च्या नोव्हेंबरात क्षयानं पोखरलेल्या परतल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक झाली होती, ती घेता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मावशीकडे पाठवल्या. कार्पेंटरबाईंनी त्या न्यू यॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे, स्वतःच्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या.

ताईच्या घरून पोकीप्सी दोनेक तासांवर. शनिवारी रस्ते साफ झाल्यावर भाऊजींनी गाडी काढली. दफनभूमीत सगळे दगड बर्फाखाली, त्यामुळे शोधायला वेळ लागला. सापडल्यावर आईनं हातमोज्यानं बर्फ झाडला. आजूबाजूला सगळी इंग्रजी नावं आणि मधे आनंदीबाई. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, “हिच्या आईला कधी इथे येता आलं असेल का रे?” मी नाही म्हणालो. “मग बरं झालं, मावशी होती.” एवढंच म्हणाली आणि गाडीकडे वळली.

रविवारी शेजारच्या नर्सबाईंनी जेवायला बोलावलं. टेबलावर रंगवलेली अंडी होती, आणि आमच्यासाठी आठवणीनं बिनअंड्याचा पाव. निघताना आईनं पिशवीतून नारळ, तांदूळ आणि ब्लाउजपीस काढलं. त्या बाईंना काय चाललंय कळेना. ताईनं त्यांना ओढणी पसरून धरायला शिकवलं आणि आईनं त्यांची ओटी भरली. नारळ तिनं शुक्रवारीच, त्या बर्फात, भाऊजींना पाठवून इंडियन स्टोअरमधून आणवला होता असं मला नंतर कळलं. म्हणजे पोकीप्सीच्या आधीच. इतिहास सांगून आईचं मन मी वळवलं, असं मला वाटत होतं. तसं काही नव्हतं.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. रमाबाईंचं शारदा सदन मुंबईत चौपाटीला सुरू झालं ती तारीख ११ मार्च १८८९, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झाली तो दिवस. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचं लग्न झालं, तेही ११ मार्चलाच, १८९३ मध्ये. आणि लग्नानंतर त्यांचं नाव काय ठेवलं माहितीये? आनंदी.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्याही घरात अशी कोणी मावशी असेल, तर तिला एक फोन करा.